येताना हाक मार

काळेवाडी,
१७ जानेवारी २०२४

तनू,

पत्र फाडणार असशील तर आधी वाच, मग फाड. फोनवर तू मला ब्लॉक केलंस. ह्यांच्या नंबरवरून केला तर आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तिथला माणूस म्हणाला, ताई, राखी पाठवायची का? म्हटलं, जानेवारीत? मी आत्ताही तुझ्यावर चिडलेलीच आहे, पण काम निघालंय आणि ते तुझ्याशिवाय होणार नाही.

आजी बरी आहे. तू विचारणार नाहीस, तरी सांगते. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

काम असं. मागच्या आठवड्यात दिल्लीहून हवाई दलाचा फोन आला. मला वाटलं बँकेच्या नावाने फसवणारे असतात त्यातलाच कुणी, म्हणून चांगलं फैलावर घेतलं. दुसऱ्या वेळी आमच्या ह्यांनी, बाळाजींनी, घेतला. ते तर पार्सल आलंय समजून पत्ता सांगत बसले. तिसऱ्यांदा एक मॅडम बोलल्या, मराठीत. "सयाजी येळवंडे तुमचे कोण?" मला क्षणभर संदर्भच लागेना. हे नाव आपल्या घरात कुणी उच्चारलंय का कधी? आजी नवऱ्याचं नाव घेत नाही, तिचं ऐकून आई घेत नव्हती, आपण तर काय, 'ते विमानातले' एवढंच. मी म्हटलं, आजोबा. आईचे वडील.

तिकडे पूर्वेला, ब्रह्मदेशच्या सीमेजवळच्या डोंगरात रस्त्याचं काम चाललंय. तिथे दरड खोदताना विमानाचे तुकडे मिळाले. दुसऱ्या महायुद्धातलं, बॉम्ब टाकणारं. आत दोन माणसांची हाडं होती. एक पुढच्या जागेवर, एक मागच्या. विमानाचा नंबर जुळलाय. पायलटचे नातेवाईक त्यांना सापडले. मागच्या जागेवरचा माणूस आपले आजोबा असावेत असं त्यांचं म्हणणं आहे. असावेत, हा शब्द मॅडमनी मुद्दाम जोर देऊन म्हटला. खात्री करायला नातवंडांची थुंकी लागते. एकीची चालते, पण दोघी बहिणींची मिळाली तर जास्त पक्कं होतं म्हणे. माझी दिली. तुझ्याकडे बडोद्याच्या पत्त्यावर नळी येईल. तीत थुंकायचं आणि परत पाठवायचं. माझ्या नावाने थुंकलीस तरी चालेल.

बाकी काळजीचं काही नाही. आजीला यातलं अजून काही सांगितलेलं नाही. गावाकडे कुणाशी बोलू नकोस. दिग्विजयशी तर अजिबात नको.

जयाताई


काळेवाडी,
५ फेब्रुवारी

तनू,

उत्तर नाही. नळीही पोहोचली नाही असं मॅडम म्हणाल्या. ठीक आहे.

मागच्या पत्रात लिहिलं की काळजीचं काही नाही. ते खोटं होतं, आणि तुला ते वाचल्या वाचल्या कळलं असणार. संक्रांत झाल्यापासून मला झोप नाही. आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला आजीला खुर्चीत बसवलं होतं. सगळ्या बायका रांगेने येऊन तिच्या पाया पडत होत्या. शहाण्णव वर्षांची सवाशीण कुठे पाहायला मिळते, म्हणून शेजारच्या इमारतीतल्यासुद्धा आल्या. एकीने आपल्या नव्या सुनेचं डोकं तिच्या पायावर ठेवलं आणि म्हणाली, आजी, तुमच्यासारखं अखंड कुंकू हिला मिळू दे. आजीने करंड्यात बोट बुडवून त्या पोरीच्या कपाळावर टेकवलं. मी वाण वाटत होते. ताट तिथेच ठेवलं आणि आत गेले.

कारण तू बरोबर होतीस. मामाच्या वर्षालीच्या लग्नात, हळदीच्या वेळी, धाकट्या मामीने तुझं मनगट धरून तुला मागे सरकवलं आणि पहिली हळद लावायला आजीला पुढे केलं. तेव्हा तू जे ओरडलीस ते खरं होतं. "तुझाही कधीच मेलाय आजी, फक्त तुला कुणी सांगितलं नाही." आजीच्या हातातली वाटी पडली. माझ्या उंबऱ्याला पाय लावू नकोस म्हणाली, आणि तू तशीच हळदीच्या साडीत बस पकडलीस. तुझ्या नवऱ्याला कोविडमध्ये जाऊन दीड वर्षही झालं नव्हतं. मला तुझा राग समजतो. पण त्या दिवशी तुझ्या बोलण्याला पुरावा नव्हता आणि आता दिल्लीत एका पेटीत पुरावा आहे. तो बाहेर आला की आजीचं काय होईल? शहाण्णव वर्षांच्या बाईचं कुंकू पुसायचं? आणि पुसायचं कुणी, मी?

मॅडमनी मला आजोबांची हकिकत सांगितली. अर्धी त्यांच्या कागदांतली, अर्धी मला आजीकडून ठाऊक होती. ती एकमेकींना जोडली तेव्हा पहिल्यांदा मला तो माणूस दिसला. माणूस कसला, पोरगा. माझ्या समर्थपेक्षा लहान.

सातवीपर्यंत खेडला शिकला. मग देहूरोडला लष्कराच्या डेपोत पेट्या उचलायला लागला. तिथून हवाई दलात. आधी खालचं काम, मशीनगनच्या पट्ट्यांत गोळ्या भरायचं. त्याला कंटाळून, खालून गोळ्या भरतोय तर वरून झाडू तरी द्या, असं साहेबाला म्हणाला म्हणे, आणि मागच्या जागेवर बसणारा झाला. दोघांचं विमान. पायलट पुढे बघतो आणि हा मागे तोंड करून बंदूक धरून बसतो, शत्रू पाठीमागून आला तर. बॉम्ब टाकताना ते विमान सरळ उभं खाली पडायचं. पायलटला जमीन दिसायची आणि ह्याला नुसतं आभाळ.

लग्न झालं तेव्हा आजी पंधरा वर्षांची. पहिल्या सुट्टीत लग्न, दुसऱ्या सुट्टीत संसार, तिसरी सुट्टी आलीच नाही. त्या दुसऱ्या सुट्टीत त्याने गोठ्यात तिला सांगितलं, मला भ्या वाटतं. पोट तोंडात येतं, सगळ्यांदेखत ओकतो, कुणाला सांगू नको. आजीने खरोखरच कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं ते मी बाळंतपणाला घाबरले होते तेव्हा. म्हणाली, "तुज्या आज्याला बी भ्या वाटायचं. तरी जायाचा."

आणि बैलगाडीची गोष्ट तर तुलाही पाठ आहे. स्टेशनला निघाला तेव्हा हा मुद्दाम गाडीत उलटा बसला, घराकडे तोंड करून. सासरा म्हणाला, अरे सरळ बस. हा म्हणाला, आता सवय झाली. दारात उभी राहिलेल्या आजीला खुणेने जवळ बोलावून हळूच म्हणाला, "मी असाच बसतो. जाताना घर दिसतं. येताना माझी पाठ असणार, मला काही दिसायचं नाही. तू हाक मार. आणि नाव घेऊन मार, नुसतं 'अवो' म्हटलंस तर निम्मी पलटण वळेल." ती लाजून आत पळाली. मग परत बाहेर आली तर गाडी वळणाला गेली होती आणि तो अजून तिच्याकडेच बघत होता.

"त्येचं तोंड दिसलं वळणापतूर," आजी म्हणते. "पाठ मला दिसलीच न्हाई. मग गेला कसा म्हनू?"

तार आली ती बेपत्ता म्हणून. आई तेव्हा पोटात होती. बारा वर्षं वाट पाहून सासऱ्याने भटजी आणले. पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि म्हणाले, ह्याला अग्नी देऊ. आजीने तो नारळ उचलला, जोत्यावर आपटून फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. भटजींनासुद्धा. त्यानंतर तिच्या कपाळाबद्दल गावात कुणी तोंड उघडलं नाही, ते तू उघडेपर्यंत.

मला सांग, हिला मी काय सांगू?

नळी पाठव गं. किंवा पाठवू नकोस. खरं सांगायचं तर तू पाठवू नयेस असंही वाटतं. मग ते 'असावेत' तसंच राहील.

जया


काळेवाडी,
२८ फेब्रुवारी

तनू,

मॅडमचा निरोप आला. तुझी नळी पोहोचली. सोबत चिठ्ठी नव्हती. मला अपेक्षाही नव्हती, तरी मॅडमना दोनदा विचारलं.

आता इकडचं ऐक. दिग्विजयला कळलं. पोलिसपाटलाकडे आजोबांच्या घराची चौकशी आली होती, त्याने ह्याला सांगितलं. हा म्हणजे आजोबांच्या भावाचा नातू, तेवढ्या नात्यावर ह्याने दुसऱ्या दिवशी फोन केला. "ताई, येळवंड्यांचं नाव देशात गाजणार! मिरवणूक काढू. चाकणच्या चौकापासून. डीजे नको म्हणत असाल तर ढोलताशा." मी म्हटलं, अजून काही पक्कं नाही, आणि आजीला माहीत नाही. तोंड बंद ठेव. तो म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका, आपण लो प्रोफाईलच करणार."

लो प्रोफाईल म्हणजे काय ते परवा पाहिलं. गावाकडे बारसं होतं, आजीला घेऊन रिक्षाने निघालो. तळवड्याच्या चौकात सिग्नलला थांबलो आणि समोर दोन मजले उंच फ्लेक्स. 'भूमिपुत्र वीर सयाजी येळवंडे अमर रहे', खाली दिग्विजय हात जोडून, आणि वर विमानाशेजारी गॉगल लावलेला कुणीतरी पुरुष. आजोबांचा फोटो नाहीच मुळी कुठे. ह्याने कॉम्प्युटरवर बनवून घेतला. आणि मिशी लावली ती स्वतःसारखी, पीळ भरलेली. आजीला वाचता येत नाही हे त्या वेळी देवाचे उपकार वाटले.

आजी बघत होती. "ह्यो कोन गं?"

"कुणीतरी पुढारी," मी म्हटलं.

"मिशी किती मोठी मेल्याची," आजी म्हणाली, आणि पानाचा विडा तोंडात सारला. बाळाजी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की रडत होते मला कळलं नाही.

दिग्विजयला फोन करून मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. फ्लेक्स उतरवला त्याने. पण गावात कुणीही कुठल्याही क्षणी आजीसमोर बोलेल. दूधवाला बोलेल. मी तिला खिडकीत बसू देत नाही, थंडी आहे म्हणते. फेब्रुवारी संपला, कसली थंडी! ती माझ्याकडे बघते आणि शाल अंगावर घेते. कधी वाटतं, तिला माहीत आहे आणि ती मला सांभाळून घेते आहे. मग वाटतं, नाही, माहीत असतं तर ती अशी शांत बसली नसती.

तुझ्याशिवाय हे कुणाशी बोलू? आई नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, जे होईल ते होईल. माणूस चांगला आहे, पण अशा वेळी उपयोगाचा नाही.

जया


काळेवाडी,
२६ मार्च

तनू,

तेच आहेत. तुझी आणि माझी, दोन्ही जुळली.

मॅडम स्वतः आल्या, साध्या साडीत. मीच सांगितलं होतं, युनिफॉर्म घालून येऊ नका, मी तुमची ओळख गॅसच्या ऑफिसातली म्हणून करून देईन. एवढी मोठी अधिकारी बाई, पण ऐकलं त्यांनी. बाई माणूस पाहून आजीने रीतीप्रमाणे बसल्या जागी करंडा मागितला आणि त्यांना कुंकू लावलं. त्यांच्या कामात त्यांना अशी कितीतरी घरं पाहावी लागतात. पण ज्याची पेटी आणायची त्याच्या बायकोनेच कपाळावर कुंकू टेकवावं, असं त्यांना कधी घडलं नसणार. नंतर मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "ताई, आजींना सांगावं लागेल. पत्नी हयात आहे. त्यांना सांगितल्याशिवाय मी आजोबांना घरी आणणार नाही. आणि त्यांना फसवून तर नाहीच." मी म्हटलं, शहाण्णव वर्षांची बाई आहे, हे ऐकून तिला काही झालं तर? त्या म्हणाल्या, "आणि न सांगता गेल्या तर?"



म्हणून मीच सांगितलं. आजीची वेणी घालत होते, म्हणजे तिचं तोंड पलीकडे होतं. समोरून सांगायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, आजी, ह्या बाई गॅसवाल्या नाहीत. विमानवाल्या आहेत. आजोबा सापडले.

तिने मान वळवली नाही. मी वेणी तशीच हातात धरून बसले. मला वाटलं, आत्ता किंचाळेल, आत्ता कोसळेल. मॅडम पुढे येऊन तिच्या पायाशी खाली बसल्या. मग आजीने विचारलं,

"तोंड कुन्या अंगाला व्हतं?"

मॅडमना कळलं नाही. मी समजावून सांगितलं. तेव्हा त्या म्हणाल्या की ते मागच्या जागेवरच होते, पट्टा बांधलेला होता, मागे तोंड करून. आजी म्हणाली, "तसं न्हवं. जाताना पडलं का येताना?"

मॅडमना ठाऊक होतं, त्यांच्या कागदांत होतं. येताना. बॉम्ब टाकून झाले होते, सगळी विमानं तळाकडे परतत होती. ह्यांच्या इंजिनातून धूर येत होता, ते मागे पडले आणि डोंगरावरच्या ढगात शिरलेले दिसले. त्यानंतर कुणी पाहिलं नाही.

तनू, तेव्हा आजीचा चेहरा बदलला. मी इतकी वर्षं तिच्यासोबत आहे, असा चेहरा पाहिला नाही. "येताना व्हय," ती म्हणाली. "मंग त्येला कसं दिसनार? त्येनं सांगितलं व्हतं, हाक मार. नाव घिऊन मार. म्या कंदी मारलीच न्हाई. नाव कसं घ्यावं म्हनून लाजले. नुसतं कुंकू लावत बसले."

मी म्हटलं, आजी, इथून मारलेली हाक ब्रह्मदेशच्या सीमेवर कुठे ऐकू जाणार? माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला काय ठावं?"

त्या दिवसापासून ती बोलत नाही. जेवते थोडं. पण आंघोळीला नाही म्हणते. मी रोज पाणी तापवते आणि रोज ते निवतं. आधी मला वाटलं, अशक्तपणा असेल. मग लक्षात आलं. आंघोळ केली की कपाळ धुतलं जाणार, आणि मग पुन्हा लावायचं की नाही ते तिला ठरवावं लागणार. म्हणून ती त्या दिवशीचंच कुंकू घेऊन बसली आहे. ते घामाने अर्धं ओघळलंय. धाकटी मामी येऊन म्हणाली, आता कळलंय तर रीत करून टाका, सुतक आहे, घरात असं चालत नाही. मी तिला चहासुद्धा न देता वाटेला लावलं. पण ती बोलली ते आजीने ऐकलं.

मला फार भीती वाटते गं. पेटी यायच्या आधी आजी जाईल अशी भीती वाटते, आणि पेटी आल्यावर सगळ्या गावासमोर बायका तिला घेरतील त्याचीही वाटते. तुझ्या वेळी दवाखान्यातून परस्पर नेलं, तरी त्यांनी तुला गावच्या घरी गाठून सोडलं नाही. हिला काय सोडणार आहेत!

तू आलीस तर बरं होईल. का ते मला नीट सांगता येत नाही. तुला बघून ती आणखी चिडेल असंही होईल. तरी ये.

ताई


काळेवाडी,
२२ एप्रिल

तनू,

तू आली नाहीस. मी वाट पाहिली, खोटं कशाला बोलू. लोहगावला विमान उतरलं तेव्हाही मी गर्दीत बघत होते. आता रागावलेली नाही. जे झालं ते तुला कळायला हवं, म्हणून सगळं लिहिते.

काल आजोबा घरी आले.

लोहगावहून लष्कराच्या ट्रकने आणलं. चाकणच्या रस्त्यावर कंपन्यांची शिफ्ट सुटलेली, ट्रक अडकला, उशीर झाला. गावात दिग्विजयने मांडव घातला होता. ह्या वेळी फ्लेक्सवर फोटो नव्हता, फक्त नाव होतं. मीच तशी अट घातली होती. आजीला सकाळपासून गावच्या घराच्या दारात खुर्चीत बसवलं होतं. तेच जुनं लुगडं, तेच ओघळलेलं कपाळ. बायका कडेने बसलेल्या. धाकट्या मामीने पाटावर पाण्याचा तांब्या तयार ठेवला होता, कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं. मी आजीच्या खुर्चीला चिकटून उभी होते. मनात नुसतं एकच चाललं होतं, हिला हात लावू द्यायचा नाही. पण कुणाकुणाला अडवणार?

आपली आळी केवढी ते तुला ठाऊक आहे. ट्रक वळेना, म्हणून ड्रायव्हरने तो उलटा आत घेतला. रिव्हर्सचं ते टिंगटिंग वाजत होतं, दोन जवान मागे चालत हातांनी दाखवत होते. ढोलताशावाले आपोआप थांबले. मागची फळी उघडी होती, आत झेंड्याखाली पेटी. इतकी लहान, तनू. लहान मुलाची असावी तशी.

ट्रक वळणापाशी आला आणि आजी उभी राहिली. माझा हात सोडून. गेल्या वर्षभरात ती आधाराशिवाय उभी राहिलेली नाही. दोन्ही हात तोंडाशी नेले, शेतातल्या माणसाला जेवायला बोलावतात तसे, आणि ओरडली,

"सयाजी! अवो सयाजी! हितं! घर आलं!"

शहाण्णव वर्षांच्या घशातून तो आवाज कसा निघाला मला माहीत नाही. पंधरा वर्षांच्या पोरीचा आवाज होता तो. दोन वेळा हाक मारली. तिसऱ्यांदा आवाज फुटला, मग ती रडली. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आईच्या वेळीसुद्धा नाही. मॅडम युनिफॉर्ममध्ये सॅल्यूट करून उभ्या होत्या, त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि हात कपाळावरून हलवता येत नव्हता. बाळाजी तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

अग्नी पणतू म्हणून समर्थने दिला. बंदुकांच्या फैरी झाल्या. आजीने झेंड्याची घडी मांडीवर घेतली.

आणि मग ती वेळ आली, ज्याची मला जानेवारीपासून धास्ती होती. स्मशानातून सगळे परतले, आंघोळी सुरू झाल्या. आजी आपण होऊन म्हणाली, "पानी काढ." मी तिला न्हाऊ घातलं. डोक्यावरून पाणी गेलं, कपाळ धुतलं गेलं. तिचं मोकळं कपाळ मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. कुंकवाच्या जागी कातडी गोरी आहे, पोरीसारखी.

बाहेर बायका बसलेल्याच होत्या. आजी येऊन जोत्यावर बसली. मामी आजीच्या बांगड्यांकडे बघत होती. आजी म्हणाली, "जये, माजा करंडा आन."

मी आणला. तिने बोट बुडवलं आणि रोजच्यासारखं लावलं. आरशाशिवाय, बरोब्बर मध्ये.

मामी म्हणाली, "आत्याबाई, अवो, आता कशाला? आताच जाळून आलो ना?"

आजी म्हणाली, "वाट बगत व्हते तवा लावलं. आता तर त्यो आला. आलेल्या मानसाचं कुंकू कोन पुसतं गं?"

मामीने तो तांब्या उचलला आणि तुळशीला पाणी घालून आली. दुसरं करणार काय!

मला वाटलं, झालं, संपलं. मी सुटले. मोकळं रडून घ्यावं म्हणून आत निघाले, तर आजीने पदर धरून खाली बसवलं. हळू, फक्त मला ऐकू जाईल असं बोलली. तिचंच बोलणं लिहिते, माझं एकही अक्षर नाही.

"तनीचं कपाळ बायांनी पुसलं तवा म्या हितंच बसले व्हते. म्या गप बसले. येक शबूद बोलले न्हाई. मला वाटलं, बोलले तर माजंबी पुसतील. मंग लग्नात ती बोलली, खरं बोलली, आन म्या तिला हाकलली. तिचं तोंड न्हाई बगितलं जाताना, पाठच बगितली. म्हंजी तिला बी काय दिसत नसंल. हाक मारावी लागंल. मला लिवता येत न्हाई. तू लिव. नाव घिऊन लिव."

म्हणून लिहिते आहे. ती शेजारीच बसली आहे, झालं का, झालं का विचारते आहे. करंडा मांडीवर आहे, नवं कुंकू भरलंय, मला हात लावू देत नाही.

तनुजा. अगं तनुजा. इथे. घर आलं.